मतदानाची अक्षत

लग्नामुंजीची अक्षत द्यायला माणसं दारी येतात. मतदानाची अक्षत द्यायला आलेलं माणूस मी आयुष्यात एकच पाहिलं. आमच्या वाडीतल्या मनूताई दातार.

निवडणूक जवळ आली की मनूताई सकाळी आंघोळ आटोपून बाहेर पडायच्या. पार विटलेलं पण स्वच्छ नऊवारी लुगडं, डोक्यावरून पदर, हातात पितळेची वाटी आणि वाटीत हळदीनं पिवळे केलेले तांदूळ. समोरच्या माणसाचं तोंड दंतमंजनानं भरलेलं असलं तरी उंबऱ्याशी उभं राहून त्या खणखणीत आवाजात सांगायच्या, "बुधवारी शाळेत मतदान आहे. सकाळपासून. सहकुटुंब यायचं हं, घरचंच कार्य आहे." मग हातावर चार दाणे ठेवायच्या आणि पुढच्या दाराला जायच्या.

माझं लग्न नुकतंच झालं होतं तेव्हाची गोष्ट. सुमन वाडीत नवी. तिनं तांदूळ घेतले आणि भाबडेपणानं विचारलं, "लग्न कुणाचं?"

"गावाचं," मनूताई म्हणाल्या.

"आणि नवरामुलगा?"

"दोघं उभे आहेत. कुठला करायचा ते तू सांगायचंस. तुझ्या स्वतःच्या वेळी विचारलं होतं का कुणी? नाही ना? मग ही संधी सोडू नकोस."

सुमननं माझ्याकडे एकदा नीट पाहिलं. मी वर्तमानपत्र घेऊन आतल्या खोलीत गेलो.

मनूताई विधवा होत्या. नवरा फार लवकर गेला, मग माहेरी आल्या. माहेर म्हणजे भाऊ, आणि भाऊ गेल्यावर त्याच्यामागं राहिलेला भाचा, वसंता. वसंता बँकेत होता. त्याच्या दोन खोल्यांतली स्वयंपाकघराची चूल आणि ओटीवरचा कोपरा, एवढा मनूताईंचा मुलूख. वाडीतल्या कुठल्याही लग्नात पापड लाटण्यापासून पंगतीची पानं मांडण्यापर्यंत त्या असायच्या, पण अक्षत द्यायला आणि ओवाळायला नाही. त्या जागी सवाष्ण लागते. कुणीतरी एकदा दबकत त्यांना विचारलं, "मनूताई, तुम्ही अक्षत... म्हणजे चालतं का?"

"लग्नाला माझ्या हातची चालत नाही," त्या म्हणाल्या. "मताला चालते. सरकारनं विचारलं का, बाई सवाष्ण आहे का म्हणून? सगळ्यांच्या बोटाला तीच शाई. आणि कुंकवाला मी हात लावत नाही हो, हळद आहे ही. हळद काय, आमटीत रोज घालतेच की."

आमची वाडी म्हणजे अंधेरीला रुळांच्या पूर्वेला कौलारू बैठ्या खोल्यांच्या ओळी, मधे विहीर आणि कडेला चिंच. राहणारे सगळे ऑफिसवाले. कुणी रेल्वेत, कुणी पोस्टात, कुणी बँकेत. मागं थोडं चाललं की डोंगर लागे आणि डोंगरात खडीची खाण. दुपारी सुरुंग उडाला की आमच्या मांडणीवरच्या कपबश्या किणकिणत. खाणीच्या पायथ्याला कोकणातून आलेल्या माणसांची झोपडवस्ती होती. त्यांचे पुरुष खाणीवर, बायका आमच्याकडे धुण्याभांड्याला. अंधेरी नुकतीच मुंबईच्या म्युनिसिपालिटीत गेली होती, आणि तेव्हापासून कुठलीही गोष्ट बिघडली की "म्युनिसिपालिटी काय करते?" असं विचारायची वाडीला सोय झाली होती.

पण मनूताईंच्या कानावर पडेल असं विचारायची सोय नव्हती. त्यांचं एक वाक्य होतं, त्याला वाडी टरकून असे. "त्या दिवशी कुठं होतात?"

आमच्या पलीकडे नानासाहेब मोहिले राहायचे. पेन्शनीत निघालेले आणि तक्रारीत रमलेले. एका संध्याकाळी ओट्यावर मांडीवर चापट मारून ते म्हणाले, "काय हे डास! गटारं उपसायला कुणी फिरकत नाही."

समोरून मनूताईंचा आवाज आला, "नाना, त्या दिवशी कुठं होतात?"

"कुठल्या दिवशी?"

"मत होतं त्या दिवशी. तुम्ही झोपला होतात. डासांनी दिली हो मतं, एकानं म्हणून चुकवलं नाही."

पुढं पुढं मनूताईंना या वाक्याची सवयच जडली. वसंताची बायको कुमुद म्हणाली, "आत्याबाई, दूध नासलं," तरी त्या सवयीनं म्हणायच्या, "त्या दिवशी कुठं होतीस?" आणि मग स्वतःच खुदकन हसायच्या. दाढ दुखणारी माणसंसुद्धा त्यांच्यासमोरून गाल झाकून जाऊ लागली.

या बाईनं वाडीत मतदानाची तालीमही सुरू केली होती. दुपारी पुरुषमंडळी ऑफिसात गेली की वसंताचं धोतर दोरीवर आडवं टाकायचं, त्यामागं पोह्यांचा आणि साखरेचा असे दोन रिकामे डबे ठेवायचे आणि बायकांच्या हातात एकेक चिंचोका द्यायचा. उमेदवार रोज वेगळे. "आज रात्री भरलं वांगं की शेपू? वांग्याला पोह्यांचा डबा, शेपूला साखरेचा. एकेक जा, टाका, बाहेर या. कुणाला काय टाकलं ते सांगायचं नाही." शेपूचं डिपॉझिट दर वेळी जप्त व्हायचं. बायका हसून हसून लोळायच्या. मला हे सगळं सुमन सांगायची.

गोदूकाकू म्हणून एक म्हाताऱ्या होत्या. त्या धोतरामागं गेल्या आणि बाहेरच येईनात. मनूताईंनी विचारलं, "काय झालं हो?" आतून उत्तर आलं, "आमच्या ह्यांना काय आवडेल ते आठवतेय."

"काकू, पडद्यामागं नवरा नसतो," मनूताई म्हणाल्या. "म्हणून तर पडदा."

गोदूकाकू आणखी थोडा वेळ आत राहिल्या. बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा चोरून पेढा खाल्ल्यासारखा झाला होता.

या तालमीला सखूही यायची. सखू म्हणजे वाडीत भांडी घासणारी, खाणवस्तीत राहणारी तरुण बाई. अंगानं काडी, हसणं मात्र मोठं. तिचा नवरा भिवा खाणीवर सुरुंगाची भोकं पाडायचा. सखूला आधी वाटलं, चिंचोका टाकला की काहीतरी मिळतं. मनूताईंनी तिला जवळ बसवून सांगितलं, "लगेच नाही मिळत गं. पण सगळ्यांनी टाकले की मिळतं."

"माका दवाखानो होयो," सखू म्हणाली. मला दवाखाना हवा.

ते तिनं उगाच नव्हतं म्हटलं. दवाखाना होता तो रुळांच्या पलीकडे. आमच्या बाजूच्या माणसाला तिथं जायचं म्हणजे रेल्वेचं फाटक ओलांडायचं, आणि फाटक उघडं मिळणं नशिबाची गोष्ट. वस्तीतल्या बायका झोपडीतच बाळंत व्हायच्या. आमचे तेव्हाचे नगरसेवक कामतमास्तर. दम्यानं बेजार, भाषण करताना मधेच थांबून श्रोत्यांचे शब्द सुधारणारे, एकूण निवडणुकीला अगदी निकामी माणूस. पण या मास्तरांनी म्युनिसिपालिटीच्या दारात बसून बसून आमच्या बाजूला प्रसूतिगृहासाठी जागा मिळवली होती. वाडी आणि वस्तीच्या बरोबर मधे. पायाही खणून झाला होता. फक्त ते काम पुढं रेटायला मास्तर पुन्हा निवडून यायला हवे होते.

त्यांच्यासमोर उभे होते खाणीचे मालक. त्यांना सगळे नुसतं मालकच म्हणत. माणूस गोड. गणपतीला वाडीला लाउडस्पीकर फुकट द्यायचे, दिवाळीला घरोघर लक्ष्मीची कॅलेंडरं पाठवायचे. ती पायाची जागा त्यांना खडीच्या डेपोसाठी हवी होती, हे काही गुपित नव्हतं. मनूताई अक्षत देताना कुणाला मत द्या ते कधीच सांगत नसत. पण "पाया उघडा पडलाय, तेवढं लक्षात असू द्या" असं त्या वर्षी त्यांनी प्रत्येक दाराशी सांगितलं.

वाडीनं अक्षत घेतली. आणि मग बुधवारची सुटी लागते आहे म्हटल्यावर आरे कॉलनीची सहल काढली.

सहल काढली ती वसंतानं. तो आमच्या मंडळाचा चिटणीस. त्यानं खास बस ठरवली. आरे कॉलनी तेव्हा नवी नवलाईची होती. हिरवळ, झाडीतले रस्ते, गोठे, बाटलीतलं थंड दूध. थंडीचे दिवस, मटार स्वस्त. सगळ्या वाडीनं नावं दिली.

बुधवारी सकाळी बस वाडीच्या तोंडाशी उभी राहिली. पातेली चढली, सतरंज्या चढल्या. मनूताई आपलं ठेवणीतलं पांढरं लुगडं नेसून बाहेर आल्या आणि बसच्या दाराशी उभ्या राहिल्या. मी आणि सुमन त्यांच्या मागं. मी सहलीला का गेलो नाही असं विचाराल, तर नागरिक म्हणून नव्हे. मनूताईंची खोली आमच्या समोर होती.

"वसंता, शाळा वाटेतच आहे," त्या म्हणाल्या. "बस थांबव. सगळ्यांनी मत द्या आणि मग जा."

"आत्या, तिथं रांग असणार. ऊन चढेल. दुपारी परत येऊच की."

"दुपारी तुम्ही येत नाही, मला माहीत आहे. पत्ते घेतलेत तुम्ही."

"अगं, एक माझं मत नसलं तर काय बिघडतं?"

"पंगतीत तुझ्या पानावर वाढायचं राहिलं, तर काय बिघडतं म्हणतोस का? तेव्हा ओरडतोस."

खिडकीतून नानासाहेब म्हणाले, "मनूताई, अहो कोणी आला तरी आपल्याला काय फरक पडणार आहे? आपल्याकडे डॉक्टर घरी येतो."

मनूताईंनी वर पाहिलं. त्या रागावतील असं मला वाटलं. पण त्या अगदी विनवणीच्या सुरात म्हणाल्या, "नाना, आपल्याला नाहीच पडणार हो. म्हणूनच म्हणते. ज्यांना पडणार आहे त्यांची खाण आज बंद नाहीये. त्यांना सोडलेलं नाही मालकानं. आपल्याला सुटी आहे."

 तेवढ्यात बसमधे कुणाचं तरी मूल रडायला लागलं, कुणी तरी म्हणालं, "चला हो, उन्हं होतात," आणि ड्रायव्हरनं बस सुरू केली. मनूताई बाजूला झाल्या नाहीत. शेवटी वसंतानं खाली उतरून त्यांना दंडाला धरून हळूच कडेला केलं. "आत्या, तुला दूध आणतो बाटलीतलं," तो म्हणाला. तसा तो वाईट नव्हता.

शाळेत आम्ही मूठभर माणसं गेलो. मनूताई, आम्ही दोघं, गोदूकाकू, आणि भांडी अर्धी टाकून आलेली सखू. भिवाला तिनं सकाळी विचारलं होतं. तो म्हणाला होता, "मत देवन काय खडी मऊ होतली?" आणि पहार घेऊन कामावर गेला होता. खाणीतून एक ट्रक मात्र आला, मालकांच्या खात्रीच्या माणसांनी भरलेला. सखूनं पडद्याकडे जाताना पदर सारखा केला, चपला बाहेर काढल्या आणि हात जोडले. आतला कारकून हसला. मनूताई त्याला म्हणाल्या, "हसू नका. देवळात ती एवढ्या आत कधी गेलेली नाही."

दुपारभर मनूताई शाळेच्या फाटकाशी उभ्या होत्या. बस परत आली तेव्हा दिवेलागण झाली होती. वसंतानं खरंच दूध आणलं होतं. ती बाटली ओटीवरच्या कोनाड्यात राहिली आणि तिथंच नासली.

मास्तर पडले. आरे कॉलनीला गेलेल्या त्या बसमधे जेवढी माणसं होती, जवळजवळ तेवढ्याच मतांनी पडले. निकाल ऐकून वाडीत कुणालाच फारसं काही वाटलं नाही. मालकांनी पेढे पाठवले, ते सगळ्यांनी खाल्ले. काही महिन्यांनी खणलेल्या पायात खडीचे ट्रक रिकामे व्हायला लागले. पाया बुजला, त्यावर ढीग उठला आणि धूळ आमच्या खिडक्यांपर्यंत यायला लागली. नानासाहेब खोकत खोकत ओट्यावर यायचे, मनूताई दिसल्या की खोकला दाबायचे.

त्या पुढच्या वर्षाची गोष्ट. पावसाळा सरत आला होता. रविवार होता, जेवणं होऊन वाडी लवंडली होती. वस्तीतली एक बाई धावत मनूताईंच्या दाराशी आली. सखू सकाळपासून अडली होती. मूल पायाळू आहे, माझ्या हातचं काम नाही, दवाखान्यात न्या, असं सुईणीनं सांगितलं होतं.

मनूताई तशाच निघाल्या. जाताना वसंताला आणि मला उठवलं. आम्ही पोचलो तेव्हा सखूला बाजेवर घातलेलं होतं. भिवानं आणि त्याच्या शेजाऱ्यानं पुढचे खूर धरले, मागचे वसंतानं आणि मी. मनूताई बाजूनं चालत होत्या, सखूचा हात हातात घेऊन. "आलंच हां. आलंच. जोर लावू नकोस एवढ्यात."

वाट खडीच्या ढिगाजवळूनच जाते. तिथं पाय घसरत होते. वसंता बँकेत बसून काम करणारा माणूस, त्याला असल्या ओझ्याची सवय नव्हती.  तो ढिगाकडे बघत नव्हता, सरळ समोर बघत होता.

फाटक बंद होतं. नुसतं बंद नव्हे, रुळावर मालगाडी उभी होती. इकडून तिकडे दिसेल तिथवर डबेच डबे.

मनूताई फाटकवाल्यावर धावून गेल्या. "उघडा हो! बाई अडलीय."

तो म्हातारा माणूस होता. हात जोडून म्हणाला, "बाई, उघडतो हो. उघडून काय करू? पुढं गाडी उभी आहे. गाडी उचलू का?"

माणसं डब्यांच्या मधून वाकून पलीकडे जात होती. पिशव्या घेऊन, सायकली आडव्या करून. बाज जात नव्हती. आम्ही एकदा तिरकी करून पाहिली. सखू अशी ओरडली की पुन्हा कुणी तसं केलं नाही.

मग बायकांनी बाजेभोवती पदर धरले आणि आम्हाला दूर जायला सांगितलं. भिवा रुळांकडे पाठ करून खडीवर बसला. वसंता फाटकवाल्याच्या खोलीपर्यंत जाऊन परत येत होता, पुन्हा जात होता. बऱ्याच वेळानं इंजिनानं शिटी दिली, डब्यांना एकामागून एक हिसका बसला आणि गाडी हलली. फाटक उघडलं. पण तोवर पदरांच्या आत सगळं होऊन गेलं होतं.

मुलगी होती. रडली नाही.

सखूला आम्ही पलीकडे नेलं. ती वाचली.

त्यानंतरच्या आठवड्यात वाडीला सखूशिवाय दुसरा विषय नव्हता. संध्याकाळी ओट्यावर बैठक भरली. नानासाहेब खरोखरच हळहळत होते. ते म्हणाले, "लाज नाही या म्युनिसिपालिटीला! एवढी वस्ती वाढली, अलीकडे एक दवाखाना नको?" बोलून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं. सगळ्यांच्याच आलं. मनूताई तिथंच सुपात तांदूळ निवडत बसल्या होत्या. नानासाहेबांनी मान खाली घातली आणि वाट पाहिली. आम्ही सगळ्यांनीच पाहिली.

 मनूताई सूप उचलून आत गेल्या. इतकी वर्षं ते वाक्य आम्ही चुकवत आलो होतो. त्या दिवशी ते आलं असतं तर बरं झालं असतं.

त्यांचं तोंड का मिटलं ते सुमनला ठाऊक होतं. आदल्या दिवशी त्या दोघी सखूला बघायला गेल्या होत्या. सखू गोधडीवर पडली होती. मनूताईंना पाहून तिनं उठायचा प्रयत्न केला आणि मग हळू आवाजात विचारलं, "आत्यानू, मी मत दिल्लंय मां? मगे?"

रागानं नाही. काही चुकलं का, कुठल्या डब्यात टाकायचं ते आपल्याला नीट कळलं नव्हतं का, असं विचारावं तसं.  सुमन म्हणाली, "सगळ्यांना उत्तर देणारी बाई, पण नुसती तिच्या पायावरून हात फिरवत बसली."

त्यानंतर मनूताई रोज सकाळी कुठंतरी जायला लागल्या. पदराखाली डबा असायचा. परत यायला दुपार व्हायची. वाडीत तर्क सुरू झाले. नानासाहेबांचं मत पडलं की बाई आता मालकांच्या बंगल्यावर मोर्चा नेणार. कुमुद वेगळंच सांगत होती. "घरातला डिंक संपलाय. खारका नाहीत, खोबरं नाही, तूप तळाला गेलंय. कोणाचं बाळंतपण चाललंय आमच्याकडे?"

एका रविवारी सुमननं सखूसाठी एक जुनी घोंगडी काढली आणि आम्ही दोघं वस्तीत गेलो. झोपडीच्या दाराला गोणपाट लावलेलं होतं. आतून ओव्याच्या धुरीचा वास येत होता. मी बाहेरच थांबलो. भिवा दगडावर बसला होता, त्याच्याशेजारी बसलो. सुमन आत गेली.

 भिवा म्हणाला, "भाऊ, मी मत देवक गेलंय नाय." आणि पंच्याचं टोक डोळ्यांना लावलं. आमच्या भागात त्या दिवशी मत न दिलेली इतकी माणसं होती. त्यापायी रडताना मी एकटा भिवाच पाहिला. त्याला सुटीही नव्हती.

आतलं बोलणं गोणपाटातून स्पष्ट ऐकू येत होतं. शेजारीण कोणीतरी आत होती. ती म्हणत होती, "पोर नाय मां, मगे ह्या बाळंतपण कसला?"

"पोर नाही हे हिला कळलंय," मनूताई म्हणाल्या. "हिच्या अंगाला कुठं कळलंय? दूध येतंय तिला. कंबर उकललीय. पोट बांधायचं, शेक द्यायचा, लाडू खायला घालायचे. सगळं करायचं असतं. ऊठ गं सखू, डोक्याला फडकं नीट बांध. कानात वारं जाईल."

शेजारीण बाहेर पडून निघून गेली. आत शेगडीत काहीतरी तडतडलं. मग सुमनचा आवाज आला, "ताई, किती दिवस येताय तुम्ही?"

"सव्वा महिना करायचं. पद्धत आहे तेवढी."

"वाडीत कुणाला सांगितलं नाहीत. आम्ही आलो असतो."

 मनूताई बोलल्या तेव्हा त्यांचा तो खणखणीत आवाज नव्हता. मला तो ओळखूच आला नाही.

"मी पंधरा वर्षांची होते गं. हे नुकतेच गेले होते आणि मला दिवस भरत आले होते. मुलगा झाला. श्वास नव्हता त्याला. सासूबाईंनी मला तिसऱ्या दिवशी विहिरीवर पाणी ओढायला पाठवलं. मी म्हटलं, मला उभं राहवत नाही. तर घरातली सगळी माणसं म्हणाली, मूल कुठंय? मूल नाही, मग बाळंतीण कसली?"

हे वाडीत कुणालाही ठाऊक नव्हतं. वसंतालाही नाही. त्याच्या वडिलांना, म्हणजे आपल्या सख्ख्या भावालाही, मनूताईंनी कधी सांगितलं नसावं.

"पदर भिजायचा," मनूताई म्हणाल्या. "विहिरीवरच्या बायका बघायच्या, आणि मी सांगायची, पाणी सांडलं."

 भिवा माझ्याकडे पाहत होता. त्यानंही ऐकलं होतं. मग मनूताईंनी घसा साफ केला. "बसलीस काय अशी? तेल गरम आहे तोवर घे. सखूचा हा पाय मी घेते, तू तो घे. अंगठ्यानं दाब, टाचेपासून वर."

थोड्या वेळानं गोणपाटामागून सुमनच्या बांगड्यांचा आवाज यायला लागला, वर जाणारा, खाली येणारा, न थांबता.